सिरिंजमधली हवा आणि आमच्या जाऊबाई

आमच्या जाऊबाईंना घरात सगळे ‘तपासणी नाका’ म्हणतात. नाव मी ठेवलेलं. त्या आणि थोरले भावजी वरच्या मजल्यावर राहतात, आम्ही खाली. पण जिना उतरून त्या आमच्याकडे आल्या की झडती सुरू झालीच म्हणून समजा. बाटलीचं झाकण वाकडं बसलंय, फ्रीजच्या दाराचं रबर पुसलेलं नाही, टॉवेलची घडी कडेला कड लावून नाही. मी टॉवेलची घडी घालते म्हणजे टॉवेल कपाटात कोंबते. त्या तो बाहेर काढणार, झटकणार, पुन्हा घडी घालणार आणि एक अक्षर न बोलता ठेवून देणार. बोलल्या असत्या तर परवडलं असतं हो. मीही चार शब्द सुनावले असते.

हॉस्पिटलात त्या ऑपरेशन थिएटरच्या मुख्य सिस्टर. तिथे त्यांचा दरारा असा की नवे डॉक्टर त्यांना येताना बघून धुतलेले हात पुन्हा धुतात. कात्री कुठल्या हाताला ठेवायची, कापसाचा बोळा किती पिळायचा, दार कोपराने कसं ढकलायचं, सगळं त्यांच्या पद्धतीने. चुका करायला बाकीचं जग आहे, त्यांना तेवढी सवड नाही.

मी तरी कुठे गरीब गाय? मी गाडी चालवायला शिकवते. शिकणाऱ्याच्या शेजारी बसते, माझ्या पायाशी जादा ब्रेक असतो, आणि समोरून ट्रक येताना माणूस स्टिअरिंग सोडून डोळे मिटतो तेव्हा गोड बोलून भागत नाही. त्यामुळे माझा आवाज आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत जातो, आणि जीभ त्याच्याही पुढे. एकदा जाऊबाईंच्या हातून गॅसवरचं दूध उतू गेलं. ते मी पुढे कित्येक दिवस दारात येईल त्याला सांगत होते. शेजारणीला सांगितलं, कुरिअरवाल्याला सांगितलं, त्यांच्याच हॉस्पिटलातली एक सिस्टर बाजारात भेटली तर तिला थांबवून सांगितलं. सगळे हसले. जाऊबाई हसल्या नाहीत. मला वाटलं, बाईला विनोदच कळत नाही.

माझं दुखणं चढावर उपटलं. बँकेतला एक कॅशियर माझ्याकडे शिकत होता. चढावर थांबवलेली गाडी मागे न घसरता उचलायची, हा त्याचा धडा. त्याने क्लच अर्धा सोडला, आणि माझ्या उजव्या बरगडीखाली अशी कळ आली की मी माझा ब्रेक दाबला तो सोडलाच नाही. त्या बिचाऱ्याला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. मी दार उघडून रस्त्याच्या कडेला ओकत होते आणि तो आत बसून “सॉरी मॅडम, सॉरी मॅडम” करत होता.

सोनोग्राफीत पित्ताशय खड्यांनी भरलेलं निघालं. जाऊबाई म्हणाल्या, “मी तुला केव्हाचं सांगत होते, तपासून घे.” मी म्हटलं, “तुम्ही मला इतकं काय काय सांगत असता जाऊबाई, त्यात हे कुठे शोधू?” पण खरं सांगायचं तर मला धीर त्यांचाच होता. तारीख त्यांनी ठरवली, खोली त्यांनी निवडली, चादरसुद्धा त्यांनी बदलून घेतली.

आता पुढचं मला फार नंतर कळलं, पण तुम्हाला आधीच सांगते, नाहीतर नंतरची गोष्ट नीट लागायची नाही.

थिएटरमधली एक रीत अशी की आपल्या माणसाच्या ऑपरेशनला आपण उभं राहायचं नाही. सर्जनसाहेबांनी जाऊबाईंना तसं बजावलंही होतं. पण त्या कसल्या ऐकतात! “माझ्या घरचं माणूस दुसऱ्याच्या हाती सोपवून मी बाहेर माळ ओढत बसू का?” म्हणाल्या, आणि हात धुऊन उभ्या राहिल्या.

ऑपरेशन दुर्बिणीचं होतं, चार छोटी भोकं पाडून करायचं. पित्ताशय काढण्याआधी आत एक फोटो घेतात. यकृताकडून आतड्याकडे पित्ताची मोठी नळी जाते, तिच्यात एखादा खडा घरंगळून बसला असेल तर तो मागे राहायला नको म्हणून. बारीक नळीतून त्या मोठ्या नळीत औषध सोडायचं आणि वरून एक्स-रे धरायचा. औषधाने नळी पडद्यावर उठून दिसते, आणि खडा असेल तिथे गोल ठिपका मोकळा राहतो. गंमत अशी की सिरिंजमधून हवेचा बुडबुडा गेला, तर त्याचाही ठिपका हुबेहूब तसाच. म्हणून सिरिंज उभी धरायची, नखाने टिचक्या मारून हवा वर आणायची, दाबून घालवायची, जोडापाशीसुद्धा थेंब ठेवून मगच नळी जोडायची. मग सर्जन विचारतात, “हवा?” आणि सिस्टर म्हणते, “नाही.”

सर्जनसाहेब आणि जाऊबाई यांच्यात ही सवाल-जबाबाची रीत इतकी मुरलेली की रस्त्यात कुणी “कसं काय?” विचारलं आणि आपण “बरंय” म्हटलं, तसं झालेलं. विचारणारा ऐकत नाही आणि सांगणारा बघत नाही. इतक्या वर्षांत अडलंही नव्हतं, कारण जाऊबाईंच्या सिरिंजमध्ये हवा नसायचीच.

त्या दिवशी सिरिंज जोडता जोडता त्यांची नजर माझ्या तोंडापुढे टांगलेल्या हिरव्या कापडापलीकडे गेली. एरवी टेबलावरच्या माणसाचं तोंड त्या बघत नाहीत. माझ्या डोळ्यांवर पट्ट्या चिकटवलेल्या, तोंडात नळी, जीभ एका बाजूला. दिवसभर ओरडणारी बाई अशी गप्प पडलेली त्या बघतच राहिल्या. हातांनी आपलं काम केलं, पण डोळे हातांवर नव्हते.

पडद्यावर मोठ्या नळीत गोल ठिपके दिसले. सर्जनसाहेबांनी विचारलं, “हवा?”

“नाही,” जाऊबाई म्हणाल्या.

म्हणाल्या, आणि मग खाली बघितलं. सिरिंजच्या जोडापाशी साबणाच्या फेसासारखे बारीक बुडबुडे चिकटून बसले होते.

सर्जनसाहेब म्हणाले, “खडे आहेत. उघडावं लागेल.” जाऊबाईंनी तोंड उघडलं. आणि मिटलं.

मी शुद्धीवर आले तेव्हा चार छोट्या भोकांखेरीज बरगडीखाली वीतभर टाके होते, आणि कुशीतून एक रबरी नळी बाहेर येऊन पिशवीत सोडलेली. पिशवीत हिरवट पिवळं पित्त. सर्जनसाहेब सांगायला आले. मोठ्या नळीत खड्यांची शंका आली म्हणून पोट उघडलं, नळी उघडली, पण आत काही मिळालं नाही. खडे आपसूक आतड्यात निसटले असतील, असं होतं कधीकधी. नळी शिवली की काही दिवस ही ट्यूब ठेवावी लागते, मग तिच्यातूनच पुन्हा औषध सोडून फोटो काढू, नळी मोकळी दिसली की ट्यूब काढू. तोवर गाडी बंद.

“निसटले म्हणजे?” मी विचारलं. “मी काय त्यांना पळून जायला वेळ दिला?” सर्जनसाहेब हसले. जाऊबाई सलाइनच्या बाटलीकडे बघत होत्या.

घरी आल्यावर जाऊबाई पार बदलल्या. ड्यूटीवरून आल्या की चप्पल काढायच्या आधी माझ्याकडे. पिशवी त्याच रिकामी करणार, मापून बघणार, ट्यूबभोवतीची पट्टी त्याच बदलणार. माझ्या नवऱ्याने एकदा पुढे होऊन पिशवी उचलली, तर त्यांनी ती त्याच्या हातातून काढून घेतली. “हे माझं काम आहे, भावजी,” म्हणाल्या. आणि कपाटाकडे बघेनात, फ्रीजकडे बघेनात. मी मुद्दाम टॉवेल बोळा करून खुर्चीवर टाकला. तो तीन दिवस तसाच पडून होता. मी नवऱ्याला म्हटलं, “आजारी पडायचं तर असं. नाका बंद झाला.” तो म्हणाला, “वहिनी जेवत नाहीयेत. दादा सांगत होता.” मी म्हटलं, “ड्यूटी जास्त असेल.”

मला माझ्याच लाजेतून सवड नव्हती. त्या पिशवीची मला काय लाज वाटायची ते कुणाला सांगू! ज्या गोष्टी माणसाच्या आत असायच्या, त्या कमरेला बांधून मी घरभर फिरत होते. कुणी भेटायला आलं की मी मांडीवर उशी घेऊन बसायची. पायऱ्या चढताना पिशवीत पाणी हलल्याचा आवाज यायचा, तो मला लाऊडस्पीकरसारखा ऐकू यायचा. माझा आवाज मात्र बारीक झाला होता. नवरा म्हणाला, “तू कुजबुजतेस का?” मलाही कळत नव्हतं का ते.

शेवटी घरात बसून जीव उबला, म्हणून एक दिवस सैल कुर्ता घालून आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात जाऊन बसले. गाडी नाही तर नाही, निदान फोन तरी उचलीन. तो कॅशियर आला. त्याला लायसन्स मिळालं होतं, ते दाखवायला मुद्दाम आलेला. मी ते बघायला पुढे वाकले, आणि पिशवीचं तोंड कुठेतरी सुटलं. उबदार ओल मांडीवरून खाली उतरली. खुर्चीवर, फरशीवर, त्याच्या बुटापर्यंत पिवळा ओघळ गेला. त्याने बूट हळूच मागे घेतला. मग तो भिंतीवरच्या वाहतुकीच्या खुणा वाचायला लागला. थांबा, वळण्यास मनाई, हॉर्न वाजवू नये. शिकताना कधी इतकं मन लावून वाचल्या नव्हत्या त्याने. चार वेळा चढावर गाडी मागे घसरली म्हणून ज्याला मी गाढव म्हटलं होतं, तो माणूस माझी लाज राखायला भिंतीकडे तोंड करून उभा होता. मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

घरी आले ती धुमसतच. जाऊबाई नेहमीप्रमाणे पट्टीचा डबा घेऊन बसलेल्या. मी फटाफट बोलत सुटले. “काय तुमचं हॉस्पिटल आणि काय तुमचे डॉक्टर! नसलेले खडे शोधायला माझं पोट फाडलं. कापडाच्या दुकानात तरी असं करतात का हो? आधी मापतात, मग कापतात! आणि तुम्ही तिथे उभ्या होतात ना? एवढ्या तपासणी करणाऱ्या, तुम्हाला काहीच कसं दिसलं नाही?”

मी बदलून टाकलेली सलवार त्यांनी उचलली आणि न्हाणीघरात गेल्या. बराच वेळ नळ चालू होता. मी दाराशी गेले, तर सलवार बादलीत तशीच, आणि त्या नळाखाली नुसते हात धरून उभ्या. मला वाटलं, मी जास्त बोलले म्हणून रडतायत. त्याचंही मला थोडं बरं वाटलं. देवाशपथ सांगते, बरं वाटलं.

फोटोचा दिवस आला. एक्स-रेची खोली थंडगार, खिडकी नाही, मधे लांब टेबल, त्यावर मला निजवलं. एक्स-रेचे डॉक्टर मोठे बोलघेवडे. शिशाचा जाड अंगरखा घालून ते इकडून तिकडे डुलत होते. “ही आमच्या सिस्टरांची जाऊ का? मग सिस्टर, सिरिंज तुम्हीच भरा. तुमच्या हातचं म्हणजे बघायला नको.”

जाऊबाईंनी सिरिंज भरली. उभी धरली. टिचक्या मारल्या, हवा घालवली, पुन्हा टिचक्या मारल्या. मी आडवी पडून बघत होते. एवढी साधी गोष्ट, पण त्यांनी ती पुन्हा पुन्हा उजेडाला धरून बघितली. डॉक्टरांनी ट्यूबला सिरिंज जोडली. पोटात काहीतरी गार सरकलं. समोरच्या पडद्यावर एक ठळक रेघ खाली उतरली, वर तिला बारीक फाटे फुटले, आणि खाली औषध आतड्यात पसरलं. माझं आतलं मी पहिल्यांदाच बघत होते. दिसायला अगदी नीटनेटकं होतं. माझं काहीतरी नीटनेटकं असेल असं वाटलं नव्हतं.

“छान! कुठे अडथळा नाही, कुठे ठिपका नाही,” डॉक्टर म्हणाले. मग ऑपरेशनच्या दिवशीचा फोटो शेजारी लावून बघू लागले. “हे ठिपके मात्र फारच गोल आहेत. खडे इतके गोल नसतात सहसा.” ते हसत हसत जाऊबाईंकडे वळले. “काय हो सिस्टर, त्या दिवशी हवा तर नव्हती ना?”

त्यांना उत्तर नकोच होतं. ते फोटो काढून ठेवायला वळलेसुद्धा होते.

“होती,” जाऊबाई म्हणाल्या.

डॉक्टर थांबले. काचेपलीकडचा टेक्निशियन मान वर करून बघायला लागला.

“हवा होती. मी नाही म्हटलं, आणि मग मला दिसली. तरी बोलले नाही. खडे नव्हतेच. हिचं पोट माझ्यामुळे उघडलं.”

मी उठायला गेले, पण ट्यूब अजून सिरिंजला जोडलेली होती. उताणं पडून ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. डॉक्टर म्हणाले, “जाऊ द्या सिस्टर, होतं असं कधीकधी.” त्या म्हणाल्या, “होत नाही. केलं.” आणि तिथून निघून त्या थेट सर्जनसाहेबांकडे गेल्या. त्यांनाही हेच सांगितलं. सर्जनसाहेबांनी म्हणे तो जुना फोटो पुन्हा मागवून बघितला. त्या दिवशी पुन्हा एकदा फोटो घ्यायला त्यांचं तरी काय जात होतं? तेही लाजले असतील. पण थिएटर जाऊबाईंचं सुटलं. आता त्या खालच्या वॉर्डात तापमान घेतात.

मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. पिशवी नवरा रिकामी करू लागला. त्या जिन्यात दिसल्या की मी दार लावून घ्यायची, आणि दाराआडून त्यांची पावलं वर जाईपर्यंत कान देऊन उभी राहायची. मनात सगळं भाषण तयार होतं. रोज त्यात भर पडत होती. ट्यूब निघाली की एकदाच सगळं ओकून टाकायचं, असं ठरवलं होतं.

ट्यूब निघाली. सर्जनसाहेबांच्या हाताखालच्या डॉक्टरांनी एक झटका दिला, पोटातून दोरी ओढल्यासारखं वाटलं, आणि झालं. पट्टी लावून मी बाहेर आले. नवरा गाडी आणायला गेला होता. बाहेर नातेवाइकांच्या बाकावर जाऊबाई बसल्या होत्या, गणवेशात. गणवेशातली सिस्टर त्या बाकावर कधी बसत नाही. मला बघून त्या उठू लागल्या. मी म्हटलं, “बसा,” आणि शेजारी बसले.

भाषण तयार होतं. पण तोंडातून एवढंच आलं, “त्याच वेळी का नाही बोललात? नोकरी जाईल म्हणून?”

“नोकरी कशाला जातेय? ‘थांबा, हवा दिसतेय, पुन्हा फोटो घ्या’ म्हटलं असतं, तर पुन्हा घेतला असता. कुणाच्या लक्षातही राहिलं नसतं.”

“मग?”

त्या हातांकडे बघत राहिल्या. धुऊन धुऊन बोटांची सालं निघाली होती.

“टेबलावर दुसरं कुणीही असतं, तर बोलले असते,” त्या म्हणाल्या. “तू होतीस. आज ना उद्या कुणीतरी हसत हसत तुला सांगितलं असतं, की तुमच्या जाऊबाईंची सिरिंज चुकली. आणि मग तू, त्या दुधासारखं, दारात येईल त्याला… मला वाटलं होतं, तेवढं मला सहन होणार नाही. म्हणून गप्प बसले. काय बाई आहे मी.”

एका शहाण्यासुरत्या बाईने माझं पोट उघडू दिलं, कारण तिला माझ्या तोंडाची भीती वाटली. चूक त्यांची होती. लाज त्यांना वाटायला हवी होती, आणि जळत जळत वाटतच होती. पण त्या बाकावर मान माझीही खाली गेली, आणि वर उचलता येईना.

नवऱ्याने गाडी दारात आणली. आम्ही दोघी मागे बसलो. आरशात बघत त्याने विचारलं, “काय, झालात का मोकळ्या?”